झाडून ठेवलेला माळ

आत्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या कोर्टाबाहेर चहा पीत उभी होते. घरातलं लग्न नीट पार पडल्यावर बाईच्या आवाजात जो थाट येतो, तो तिच्या आवाजात होता.

"साहेब येऊन गेले गं," ती म्हणाली. "काहीच फिकीर करू नको. आमी असा माळ झाडला, एक काडी ठिवली न्हाई. वरून सडा टाकला. साहेब गाडीतून उतरले आन म्हणले, वा, लई साफ जागा हाय."

"आणि हळद?"

"हळद उचलली की. विहाराच्या मागं ढीग लावून ताडपत्री टाकली. साहेब येणार आन तिथं पसारा ठेवायचा व्हय?"

 त्या पाहणीसाठी मीच अर्ज केला होता. या माळावर दरवर्षी हळद वाळते, जागा वापरात आहे, साहेबांनी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं त्यात लिहिलं होतं. साहेब आले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना दिसला झाडून, सडा टाकून तयार ठेवलेला रिकामा माळ. पंचनाम्यात त्यांनी तेच लिहिलं: जागा पडीक, कोणत्याही वापरात नाही.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरून आत. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे. मुरमाड, कडक, पावसाळा सोडला तर ओल न धरणारा. त्याच्या अलीकडे आमची बौद्ध वस्ती, पलीकडे तांडा. थंडी सरताना शिवारातली हळद निघू लागते. ज्याचं वावर आहे तो आपली हळद वावरातच शिजवतो, वाळवतो आणि मोंढ्यावर विकायला नेतो. पण काढणी कितीही नीट केली तरी मातीत कंद राहतातच. ते कंद बाया मागाहून उकरून काढतात. त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. सरव्यावर मालक हक्क सांगत नाही. जी वेचेल तिचा. वस्तीतल्या आणि तांड्यातल्या बाया सरव्याची हळद एकाच कढईत आळीपाळीनं शिजवतात आणि माळावर आपापलं वाळवण घालतात. त्यांच्यापैकी कुणाकडे वावर नाही, आणि घरापुढचं अंगण एका बाजेत संपतं. माळ गेला तर शिजवलेली हळद कुजणार. वर्षभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईला स्वतःचं म्हणून जे मिळतं ते या माळावर वाळतं. आत्याच्या हळदीच्या पैशांतून आलेली माझी कायद्याची पुस्तकंही तिथंच वाळली, असं मी म्हणते. म्हणून हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी फाइल उघडली नाही, आधी बाह्या सावरल्या.

माळावर सौर प्रकल्प यायचा होता. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी जमिनीवर एका कंपनीनं पॅनल बसवायचे, अशी योजना. मला या विजेचं वैर नाही, हे इथंच सांगून टाकते. कोळशाच्या राखेनं पांढरी पडलेली पिकं मी पाहिली आहेत. उन्हाची वीज हवी, आणि लवकर हवी. पण तिच्या वाटेवर कायद्यातली एक खिडकी बंद झाली आहे, आणि त्याबद्दल आमच्या वकील मंडळींतही फारसं कुणी बोलत नाही. कोळशाचं वीजघर यायचं असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी. मंडप पडतो, माइक लागतो, लोक उभे राहून निदान ओरडू तरी शकतात. सौर प्रकल्पाला ती मंजुरी लागत नाही. म्हणून मंडप नाही, माइक नाही. धूर निघत नाही, म्हणजे कुणाचं काही जात नाही, असं धरून चाललेलं आहे. मग ज्यांच्या पायाखालची जागा जाते त्यांनी बोलायचं कुठं? ग्रामसभेत, नाहीतर पंचनाम्यात. आमच्या गावात हा विषय ग्रामसभेपुढं आणलाच नाही. पंचायतीच्या मासिक बैठकीत ठराव उरकला. उरला होता पंचनामा. तो आम्ही आमच्याच झाडूनं साफ केला.

"आत्या, तुला झाडायला सांगितलं कुणी?" मी फोनवर ओरडले. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली.

"कुणी काहून सांगल? ग्रामसेवक म्हणला, साहेब येऊन राहिले. बस. तांड्यातल्या बायांला बी हाक मारली. त्यातली एक पोटुशी सून बी झाडू घेऊन आली, तिला बसवलं म्या एका बाजूला."

"अगं, त्यांना पसाराच तर दाखवायचा होता!"

 आत्याचा लग्नघरातला आवाज गेला आणि नेहमीचा आला. "तुझा बाप जलमभर पत्रकं वाटत हिंडला. घर साफ ठेवा, आंगण साफ ठेवा, कुणाला बोट दाखवाया जागा ठेवू नका. म्या तर वाचता येत नव्हतं तवापासून पाठ केलंय. आन तू कोर्टात जाऊन हे शिकली व्हय, साहेबाला घाण दाखवा म्हणून?"



वडील गेले, पण त्यांची चळवळीची पत्रकं अजून आमच्या घरात आहेत. स्वस्त कागद, गुलाबी नाहीतर पिवळा, वर जाड अक्षरात एक वाक्य आणि खाली मुद्दे. मी त्यांवरच अक्षरं गिरवली. इतर पोरं कमळ आणि बदक वाचत होती तेव्हा मी ‘उठा’ वाचत होते. त्या पत्रकांतला झाडू हा साहेबापुढं वाकायचा झाडू नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हणून हिणवलं, त्यांनी आपलं दार लखलखीत ठेवायचं, ते हिणवणाऱ्याच्या तोंडावर. आमच्या वस्तीत स्वच्छता म्हणजे बंड आहे. सरकारी माणूस येणार म्हटल्यावर आत्यानं माळ झाडला तो लाचारीनं नव्हे, ताठ मानेनं. आणि त्याच ताठ मानेनं तिनं कागदावरून स्वतःला पुसून टाकलं. मला राग आला होता, पण आत्याचा नाही. ज्या व्यवस्थेत गरिबाचं घर स्वच्छ दिसलं की ते रिकामं ठरतं, त्या व्यवस्थेचा.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकते ते वकील मोठे तिरकस आहेत. सगळी हकिगत ऐकून ते आधी पोट धरून हसले.

"तुमच्या पक्षकारांनी विरुद्ध पक्षाचं काम करून दिलं, तेही सडा टाकून. रांगोळी राहिली का?"

"सर, फेरपाहणीचा अर्ज लिहिलाय," मी कागद पुढं केला.

त्यांनी चष्मा लावला. "‘हा अन्याय आम्ही सहन करणार नाही!’ बाई, उपविभागीय अधिकाऱ्यांनी तुम्हाला सहन करा असं म्हटलंय का कुठं? हे पत्रक आहे. अर्ज कुठंय?"

"शेवटच्या पानावर."

"तिथंच तर खरी गोष्ट आहे," ते म्हणाले. शेवटच्या पानावर मी कायद्यातली अट लिहिली होती: गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं तर सार्वजनिक कामासाठी, आणि दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच. आणि आमच्या गावाला दुसरी जमीन आहे. जुन्या खदानीच्या बाजूचा खडकाळ उतार, सरकारीच. तिथं गवतही धड उगवत नाही. कंपनीला तो नको होता, कारण तो सपाट करायला खर्च येतो. माळ मात्र आयता सपाट. शंभर वर्षं बायांनी पायांनी आणि हळदीनं बडवून दिलेला.

"हे पान पहिलं करा," सर म्हणाले. "आणि तयारीत राहा. समोरचा वकील म्हणेल, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मानलाय. तुम्ही सौर प्रकल्प अडवता म्हणजे लोकांचा तो हक्क अडवता."

"कोणते लोक, सर?" मी म्हणाले. "ऊन वाढलं की आधी कोण भाजतं? भर दुपारी उघड्या वावरात सरवा उकरणारी बाई. तिच्यासाठी मिळालेला हक्क तिलाच हुसकावायला वापरायचा? पॅनलला ऊन लागतं, हळदीलाही लागतं. पण एकाच्या उन्हाला प्रकल्प म्हणायचं आणि दुसरीच्या उन्हाला पडीक म्हणायचं, हा कुठला न्याय?"

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे लिहा," ते म्हणाले. "उद्गारचिन्ह न टाकता लिहा."

फेरपाहणी मंजूर झाली. मी गावी गेले. ताडपत्रीखाली कोंडलेल्या ओल्या हळदीला वास येऊ लागला होता. बायांनी ती पुन्हा माळावर पसरली होती आणि काळी पडलेली हळकुंडं वेगळी काढत बसल्या होत्या. बैठक तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर भरली. तांड्यातली सगळी माणसं त्याचा शब्द मानतात. मी सांगितलं की या वेळी काहीही उचलायचं नाही.

नायकानं मिशीवरून हात फिरवला. "वकीलबाई, पाव्हणा येणार म्हणलं की आमच्या तांड्यात खाट झाडत्यात. तुमी म्हणता खाटेवर चिखल ठेवा. आमची पोरं हासतील."

"पाहुणा नाही तो," मी म्हणाले. "जागा मोजायला येऊन राहिलाय."

"मंग तर जास्तच झाडली पायजे," एक म्हातारी म्हणाली, आणि ओट्यावर हशा पिकला.

त्या बैठकीला एक माणूस न बोलावता आला होता. गावातला शेतकरी, माझ्या वर्गमैत्रिणीचा थोरला भाऊ, म्हणून मी त्याला दादा म्हणते. त्याच्या वावरातला पंप रात्रीच्या विजेवर चालतो. मागल्या साली त्याच्या गड्याला पाणी देताना साप चावला. गडी वाचला, पण त्याचा पाय अजून धड नाही. दादा उभ्यानंच बोलला.

"तू लई हुशार झालीस. तुझ्या आत्याची हळद उन्हात वाळती, आन माझी अंधारात पाणी पिती. दिवसा लाइट आली तर तुमाला काय तकलीफ हाय?"

"दादा, लाइट अडवायची नाही. जागा बदलायची."

"जागा बदलायला किती साल लागतील? तुमा वकिलांचं बरं असतं, तारखा पडल्या की पोट भरतं."

"तुझं पोट भरत न्हाई व्हय आमच्या मजुरीवर?" आत्या खालून म्हणाली. "तुझ्या वावरात कुणी उकरलं?"

"आत्या, मी तुला काही म्हणलो का?" त्याचा आवाज खाली आला. "मी हिला म्हणून राहिलो."

तो निघून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला सलत होतं. दोन गरजा एकमेकींच्या अंगावर घालायच्या आणि कंपनीनं बाजूला उभं राहून खर्च वाचवायचा, हा डाव मला कळत होता. पण डाव कळला म्हणून सापाचं भय कमी होत नाही.

शेवटी तोडगा आत्यानं काढला. माझं पसारा-पसारा ऐकून ती वैतागली होती. "पसारा म्हणून नको मला," ती म्हणाली. "पसारा न्हाईच हाय तो. वाळवण हाय. वाळवण उचलायचं न्हाई, बराबर? मंग वाळवण नीट घालू. मधल्या वाटा झाडू. साहेब आला तर वाटंनं चालंल."

तसंच झालं. पाहणीच्या दिवशी मी माळावर पोचले तेव्हा ओळखू येईना. हळदीचे चौकोन, प्रत्येकीचा वेगळा, कडा हातानं सारख्या केलेल्या, आणि मधल्या वाटा झाडूनं रेघा उठेपर्यंत झाडलेल्या. आत्या धुतलेलं पांढरं लुगडं नेसून उभी होती. ग्रामसेवक सकाळपासून दोनदा सांगून गेला होता की गाडीपुरतं तरी बाजूला घ्या. कुणी हललं नाही.

गाडी माळाच्या कडेला आली आणि चालकानं हॉर्न वाजवला. आत्या गाडीपुढं गेली. "साहेब, पायी या. खाली अन्न हाय."

मंडळ अधिकारी उतरले. मागच्या वेळी आलेले तेच. त्यांनी माळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "मॅडम, मागच्या वेळी इथं काडी नव्हती. आता अर्ज मंजूर झाला आणि एवढी हळद आली? हे मला दाखवायला टाकलंय, हे कळत नाही का मला?"

ही गोष्ट मला सुचायला हवी होती. स्वच्छ माळानं आम्हाला एकदा पुसलं होतं, आता तोच आम्हाला खोटारडे ठरवत होता. मी कलम सांगू लागले. त्यांनी हात वर केला.

"कायदा मला माहीत आहे. मला साक्ष पाहिजे. या बायका तर तुमच्याच."

"मागच्या टायमाला आमी तुमच्यासाठी उचललं," आत्या म्हणाली. "तुमचा मान ठिवला. आता तुमी आमचा ठिवा."

"बाई, मान पंचनाम्यात लिहिता येत नाही."

प्रकल्प हवा असलेले पाचसहा शेतकरी कडेला उभे होते. त्यांना कंपनीच्या माणसानं बोलावून आणलं होतं, आणि दादा त्यांच्यात होता. साहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. इथं दरवर्षी हळद असते?"

 एकानं चपलेनं मुरूम उकरला. कंपनीचा माणूस म्हणाला, "साहेब, यांना शेतातनं वेळ कुठं असतो इकडं बघायला?"

"असती," दादा म्हणाला.

साहेबांनी पाहिलं. कंपनीच्या माणसानंही पाहिलं.

"दरसाल असती. मी लहान होतो तवा आमची आई रागवायची, माळावर पळू नको, बायांच्या हळदीत पाय पडल. मला दिवसाची लाइट पायजे साहेब. आजच पायजे. पण त्याच्यासाठी डोळे फोडून घेऊ का मी?"

माझ्या धंद्यात असं मानतात की स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलणारा साक्षीदार सगळ्यात खरा. मी पुस्तकात वाचलं होतं. समोर उभा राहिलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

साहेबांसोबत आलेल्या तलाठ्यानं नवा पंचनामा लिहायला घेतला. मी म्हणाले, मोठ्यानं वाचून दाखवा, सगळ्यांना कळेल असा. त्यानं वाचलं: पाहणीवेळी काही महिलांनी हळद टाकलेली होती.

"काही म्हणजे?" आत्या म्हणाली. "आन टाकलेली काहून? कचरा हाय का टाकायला? लिहा, वस्ती आन तांडा, दोनीकडच्या बाया, दरसाल, सरव्याची हळद वाळवत्यात. आन खाली याचं बी नाव लिहा, हा बोलला म्हणून."

तलाठ्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "लिहा." ते लिहून होईपर्यंत आत्यानं सही केली नाही. नंतर पंचनामा आपल्या हातात घेऊन, ओळींवरून बोट फिरवत पुन्हा वाचला आणि मग केली. ती रात्रशाळेत शिकली, माझ्या वडिलांच्याच हट्टानं. तिची सही मोठी आहे, चौकटीबाहेर जाते.

त्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्यांनी माळावरचं काम थांबवलं आणि खदानीचा उतार तपासायला सांगितलं. याला विजय म्हणू नये. कंपनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेली आहे, उताराचा खर्च परवडत नाही म्हणते. त्यांच्या वकिलानं हवामानाचा हक्क काढलाच, सर म्हणाले होते तसा. त्याचं उत्तर माझ्याकडे लिहून तयार आहे, एकही उद्गारचिन्ह न टाकता. लोक मला विकासविरोधी म्हणतात. म्हणू देत. स्वच्छ वीज म्हणजे तारेतून येणारी वीज स्वच्छ, आणि तारेखालच्या माणसांचं काहीही होवो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मी कोर्टात, गावात, कागदावर, जिथं जागा मिळेल तिथं करणार आहे.

फक्त माळ वाचवून मला भागेना. दादा बाळापूरच्या बाजारात भेटला की लांबूनच विचारायचा, "वकीलबाई, माझी लाइट कुठवर आली?" सोबतची माणसं हसायची. तो हसायचा नाही. म्हणून खंडपीठापुढं द्यायच्या अर्जात मी दोन मागण्या एकत्र घातल्या: माळाला हात लावू नका, आणि उतारावर पॅनल लवकरात लवकर बसवा. सर म्हणाले, वाळवणवाली आणि पंपवाला एकाच अर्जात, असा अर्ज त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. मी म्हणाले, आता पाहा.

सह्या घ्यायला दोघांना हिंगोलीला बोलावलं. ते एकाच एसटीनं आले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. कार्यालयात आत्यानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "याच्या शेजारी माझं नाव काहून?"

"मी बी तेच विचारणार व्हतो," दादा म्हणाला.

"मग नाव काढू का?" मी विचारलं.

 आत्यानं पेन उचललं, सही केली आणि पेन त्याच्या पुढं सरकवलं. "चौकटीत कर," ती त्याला म्हणाली. "माझी जागा खाऊ नको."